‘आयडी’वाल्याला आधार दिलंय, आता काय करू?

प्रश्न : ताई, मी 27 वर्षांचा आहे. चाकणला एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो, गाव बार्शी तालुक्यात. बरीच वर्षं मी मोबाइलवर थोडे पैसे लावून रमी खेळायचो. 2025 च्या ऑगस्टमध्ये ती ॲप बंद झाली. मग रूमवरच्या एकाने टेलिग्रामची लिंक दिली, तिथून व्हॉट्सॲपवर ‘आयडी’, म्हणजे पैसे लावून खेळायचं खातं, मिळाला. क्रिकेट, रमी, कसिनो सगळं एकाच ठिकाणी. ॲप प्ले स्टोअरवर नव्हतं, त्यांनी पाठवलेली फाइल टाकून घ्यावी लागली. सुरुवातीला दोनदा पैसे काढले, ते खात्यात आलेही. मोठी रक्कम काढायची म्हटल्यावर केवायसी मागितली. आधार दोन्ही बाजूंनी, पॅन, पासबुकचं पहिलं पान आणि आधार हातात धरून डावी-उजवीकडे मान वळवत व्हिडिओ. मी दिलं. पुढे ‘तुमच्या खात्याची लिमिट संपली’ म्हणाले म्हणून वडिलांचं आधार आणि खातंही जोडलं. वडिलांना यातलं काही माहीत नाही.

आता आयडीत 1,12,400 रुपये दिसतात. ते काढायचे तर आधी 18 टक्के टॅक्स भरा म्हणतात, म्हणजे 20,232 रुपये. नाही भरले तर तुमची कागदपत्रं ब्लॅकलिस्टला टाकू, अशी धमकी आली. ॲडमिन म्हणतो, खातं आणि सिम महिनाभर वापरायला दे, टॅक्स माफ करतो. मी स्वतःचे 85 हजार घातलेत. दिलेल्या माहितीचं काय होऊ शकतं? आणि पुढे खेळायचं झालं तर आपली माहिती सुरक्षित ठेवून कसं खेळायचं? घरी सांगायची हिंमत होत नाही. कृपया नाव छापू नका.

उत्तर : तू ताई म्हणालास, म्हणून अरे-तुरे करते. सगळ्यात आधी, ते 20,232 रुपये भरू नकोस. आणि खातं, सिम, एटीएम कार्ड यातलं काहीही कुणाच्या हातात देऊ नकोस, एका दिवसासाठीही नाही. बाकीचं सावकाश वाच, पण एवढं आत्ताच ठरव.

आणखी एक. पत्राबरोबर पुरावा म्हणून तू मला तुझ्या आधारचा फोटो पाठवलास, पूर्ण नंबर दिसतोय असा. तो मी पुसून टाकलाय. मला त्याची काहीच गरज नव्हती. मी मागितला नव्हता, तरी तू दिलास. रागावत नाहीये. आपल्या सगळ्यांनाच ही सवय लागली आहे. लॉजवर आधार, सिमच्या दुकानात आधार, रूम भाड्याने घेताना आधार. केवायसी हा शब्द ऐकला की हात आपोआप फोनच्या गॅलरीकडे जातो, आणि समोरच्या माणसाने नेमकी हीच सवय ओळखलेली असते.

बंद झालेली ती रमीची ॲपही केवायसी करायची, म्हणून तुला हेही तसंच वाटलं असणार. पण त्या कंपन्यांना नोंदणी होती, कार्यालय होतं, बँकेत त्यांच्या नावाचं खातं होतं, जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के कर कापून सरकारला भरायचं बंधन होतं. त्यांनी घोळ केला तर नोटीस कुठे पाठवायची हे ठाऊक होतं. तू ज्याला कागद दिलेस त्याचा पत्ता म्हणजे एक व्हॉट्सॲप नंबर. तोही बहुतेक दुसऱ्याच कुणाच्या नावावरचा. या धंद्याची रचना महादेव ॲपच्या प्रकरणात बरीचशी उघड झाली आहे. ईडीने त्या वेळी सांगितलं होतं की वरचे चालक ‘पॅनल’, म्हणजे धंद्याच्या शाखा, वाटतात, पॅनल घेणारा गिऱ्हाइकं सांभाळतो आणि नफा सत्तर-तीसने वाटला जातो. 5 नोव्हेंबर 2023 ला केंद्राने महादेवसह 22 बेकायदा बेटिंग ॲप आणि वेबसाइट बंद केल्या, पण नवी नावं येतच राहिली. तुझा ‘ॲडमिन’ असाच एखादा पॅनलवाला असेल. तुझं आधार, पॅन आणि व्हिडिओ कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरवर नाहीत. ते त्याच्या फोनच्या गॅलरीत आहेत, आणि तिथून पुढे कुठे गेलेत हे त्यालाही सांगता यायचं नाही.

आता त्या टॅक्सबद्दल. जिंकलेल्या पैशावरचा कर देणारा कापून घेतो, हातात उरलेली रक्कम देतो. जिंकलेले पैसे सोडवायला खिशातून आधी कर भरा, असं कुठल्याच कायद्यात नाही. त्यांनी 18 टक्के आकडा निवडलाय, कारण जीएसटीमुळे तो कानाला ओळखीचा वाटतो. आयडीत दिसणारे 1,12,400 हे पडद्यावर टाइप केलेले आकडे आहेत. कुठल्याच बँकेत तुझ्या नावाने ते जमा नाहीत. तू 20,232 भरलेस की ‘प्रोसेसिंग फी’ निघेल, मग ‘मनी लाँडरिंग क्लिअरन्स’, मग ‘उशिराचा दंड’. मी बँकेत नोकरी केली, शेवटची वर्षं तक्रारी ऐकण्यात गेली. असल्या तक्रारी घेऊन येणारी माणसं पहिल्या फटक्यात क्वचितच सावध झालेली असत. दुसऱ्या-तिसऱ्या हप्त्यात त्यांचं जास्त नुकसान व्हायचं, कारण तेव्हा ती आधी गेलेले पैसे सोडवायला धडपडत असायची. आणि ‘कागदपत्रांची ब्लॅकलिस्ट’ नावाची कुठलीही यादी अस्तित्वात नाही.

तू पेमेंटचे स्क्रीनशॉट पाठवलेस ते मी नीट पाहिले. पैसे घेणाऱ्याचं नाव दर वेळी वेगळं. एकदा कुठल्याशा मोबाइल शॉपीचा क्यूआर, एकदा एका बाईंचं वैयक्तिक खातं, पुढच्या वेळी एक दूध डेअरी, मग एक ट्रेडर्स. आयडी एकच, पैसे मात्र चार दिशांना. तुला हे खटकलंही असेल, पण डाव सुरू असताना कोण नाव वाचत बसतं? ही सगळी भाड्याने घेतलेली खाती आहेत. यातलं एखादं बँकेने गोठवलं की दुसरं पुढे करायचं, म्हणून नवी खाती सतत लागतात. म्हणून ॲडमिन तुला टॅक्समाफी देतोय. त्याला तुझ्या 20 हजारांपेक्षा तुझं खातं जास्त हवंय. तुझ्या खात्यात दरमहा पगार येतो, केवायसी पूर्ण आहे, गेल्या काही वर्षांचा व्यवहार सरळ आहे. अशा खात्यावर बँकेला लवकर संशय येत नाही.

इथे कायदा नीट समजून घे, कारण तुझ्या भीतीतला निम्मा भाग यातून कमी होईल आणि उरलेला निम्मा योग्य जागी जाईल. ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्यावर 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ त्याने बेकायदा ठरवले. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंड, पैशाचे व्यवहार करून देणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, त्याला फसलेला माणूस मानलंय. म्हणून तक्रार द्यायला जाताना आपल्यालाच आत टाकतील ही धास्ती बाळगू नकोस. पण ज्या दिवशी तू खातं आणि सिम त्याच्या हवाली करशील, त्या दिवसापासून तू फक्त खेळणारा राहत नाहीस. त्या खात्यातून नागपूरच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाचे लुबाडलेले पैसे फिरले, तर पोलिसांचा पहिला फोन तुला येईल, आणि ‘मी फक्त वापरायला दिलं होतं’ हे उत्तर तिथे पुरत नाही.

यातली एक गोष्ट मात्र आधीच घडून गेली आहे. तुला दोनदा पैसे ‘काढता’ आले. ते कुठून आले? अशाच कुठल्या तरी अनोळखी खात्यांतून. तिथे आलेले पैसे आणखी कुणाचे होते कोण जाणे. त्या माणसाने 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, तर पैसे ज्या ज्या खात्यांतून पुढे गेले ती साखळी शोधली जाते आणि तुझ्या खात्यावर तेवढ्या रकमेचा होल्ड लागू शकतो, कधी पूर्ण खातंच गोठतं. म्हणून त्या दोन्ही जमा नोंदींची तारीख, रक्कम, पाठवणाऱ्याचं नाव आणि बारा आकडी व्यवहार क्रमांक आजच लिहून ठेव. उद्या खातं गोठलंच, तर घाबरून शाखेत आरडाओरड करण्यात अर्थ नसतो. तक्रारीचा क्रमांक काय, कुठल्या पोलीस ठाण्याची आहे, हे बँकेकडून लेखी माग. वादातली रक्कम तेवढी अडकवा, बाकीचं खातं मोकळं ठेवा, असा अर्ज बँकेला आणि त्या ठाण्याला करता येतो. पगार याच खात्यात येतो, तेव्हा दुसऱ्या बँकेत एक खातं तयार ठेवलेलं बरं, नाहीतर पगाराच्या दिवशी रूमचं भाडं अडायचं.

तुझा पहिला प्रश्न : दिलेल्या माहितीचं काय होऊ शकतं? नुसता आधार नंबर कळला म्हणून कुणी तुझ्या खात्यातून पैसे काढू शकत नाही, त्यासाठी बोटाचा ठसा किंवा ओटीपी लागतो. पण आधार, पॅन, पासबुक आणि मान वळवतानाचा व्हिडिओ हा संच एकत्र गेलाय, म्हणून मला काळजी वाटते. तो व्हिडिओ त्यांनी उगाच मागितलेला नाही. मोबाइलवरून खातं उघडताना किंवा कर्ज देताना काही ठिकाणी समोर जिवंत माणूस आहे ना हे याच पद्धतीने तपासतात. म्हणजे तुझ्या नावाने कर्ज, सिम किंवा खातं घ्यायचा प्रयत्न होऊ शकतो. होईलच असं नाही. पण झाला तर तो पहिल्या महिन्यात कळण्यात आणि दोन वर्षांनी वसुलीवाला दारात उभा राहिल्यावर कळण्यात फार अंतर आहे.

म्हणून थोडं काम करावं लागेल, आणि सुरुवात फोनपासून. त्या फाइलने टाकलेलं ॲप अजून फोनमध्ये असेल तर बँकेचा एकही व्यवहार त्या फोनवरून करू नकोस. असली ॲप एसएमएस वाचायची, कॉन्टॅक्ट बघायची आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागून घेतात. ही शेवटची मिळाली की पडद्यावर जे दिसतं ते त्यांना दिसतं, आणि तुझ्याऐवजी बटणंही दाबता येतात. मग ओटीपी तू कुणाला सांगितला नाहीस तरी काय उपयोग? ‘कस्टमर केअर’ने एनीडेस्कसारखं स्क्रीन दाखवायचं ॲप टाकायला लावलं असेल तर तेही याच जातीचं. आधी पुरावे बाजूला काढ : व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवरचं सगळं बोलणं, ॲडमिनचे नंबर, क्यूआरचे फोटो, आयडीचा पडदा, टॅक्सची धमकी. ते मित्राच्या नाही, स्वतःच्याच मेलवर किंवा पेनड्राइव्हवर ठेव. मग बँकेच्या अधिकृत नंबरवर फोन करून यूपीआय आणि नेटबँकिंग तात्पुरतं बंद करायला सांग. त्यानंतर फोन पूर्ण रिसेट कर, आणि जुना बॅकअप परत घेताना ते ॲप पुन्हा आत येणार नाही हे बघ. नुसतं अनइन्स्टॉल करून भागेल असं धरून चालू नकोस. मेलचा पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ फोनवरून बदल, कारण मेल हातात असला की बाकी सगळे पासवर्ड बदलता येतात. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून अनोळखी काही जोडलेलं आहे का पाहा, आणि फोनच्या कॉल सेटिंगमध्ये तुझे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवलेले नाहीत ना, तेही.

कॉन्टॅक्टची परवानगी दिली असशील तर धमकीचे मेसेज मामा-मावशांपर्यंत जाऊ शकतात. एडिट केलेले फोटो पाठवण्यापर्यंत हे लोक जातात. तसं झालंच तर एका ओळीचा मेसेज सगळ्यांना टाक : माझ्या फोनमधून नंबर चोरीला गेलेत, माझ्या नावाने काही आलं तर उघडू नका, पैसे पाठवू नका, मला सांगा. या धंद्यात पैसे लाजेच्या जोरावर वसूल होतात. लोकांना तुझ्याकडून आधीच कळलं असेल तर धमकावणाऱ्यांच्या हातात फारसं काही राहत नाही.

आधार बदलता येत नाही, पण बंद दाराआड ठेवता येतं. माय आधारच्या संकेतस्थळावर किंवा आधारच्या अधिकृत ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक कर. मग ठसा, डोळे, चेहरा वापरून कुणी पडताळणी करायला गेलं तर ती होणार नाही. तुला गरज पडली की तात्पुरतं उघडायचं. तिथेच तुझं आधार गेल्या सहा महिन्यांत कुठे कुठे पडताळलं गेलं याची नोंद दिसते, ती वाच. तू कुठे गेला नव्हतास आणि तरी नोंद आहे असं आढळलं तर आधारच्या 1947 या नंबरवर कळव. पुढे कुणाला कागद द्यावाच लागला तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार दे, किंवा सोळा आकडी व्हर्च्युअल आयडी. तो हवा तेव्हा नवा काढता येतो.

सिमसाठी संचार साथी हे सरकारी संकेतस्थळ उघड. तुझ्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत ते तिथे दिसतं, आणि जो तुझा नाही तो ‘माझा नाही’ म्हणून तिथूनच कळवता येतो. कर्जासाठी क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुझ्या नावावरच्या कर्जांची नोंद, पाहा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार संस्था आहेत आणि प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. चारही एकदम काढण्यापेक्षा दर तीन महिन्यांनी एक काढ, म्हणजे वर्षभर नजर राहते. न घेतलेलं कर्ज किंवा तू अर्ज न केलेली चौकशी त्यात दिसली तर लगेच ऑनलाइन तक्रार टाक. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पॅनचं म्हणशील तर आयकर पोर्टलवर वार्षिक माहिती पत्रक पाहायचं. तुला माहीत नसलेल्या खात्यावरचं व्याज तिथे दिसलं, तर ते खातं कुणी तरी तुझ्या पॅनवर उघडलंय.

तक्रार आजच 1930 वर कर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदव, पोलीस ठाण्यातही लेखी दे. 85 हजार परत मिळतील असं आश्वासन मी देणार नाही. पैसे तू स्वतः पाठवलेस, त्यामुळे बँक ते भरून देईल असं धरू नकोस, आणि जुनी पेमेंटं बहुतेक पुढे सरकलेली असतील. अलीकडचं एखादं पेमेंट अजून त्या खात्यात पडून असेल तर मात्र अडवता येतं, म्हणून तास वाया घालवू नकोस. शिवाय उद्या तुझ्या कागदांवर काही झालं, तर ‘मी अमुक तारखेलाच कळवलं होतं’ हे सांगणारी पावती तुझ्याकडे असेल. तुझ्या आणि वडिलांच्या, दोन्ही बँकांना लेखी पत्र देऊन पोच घे. तोंडी सांगितलेलं बँकेत उरत नाही, हे मी आतून पाहिलंय.

त्या जुन्या, रीतसर रमी ॲपमधलंही खातं बंद कर. शिल्लक असेल तर काढून घे आणि माझी माहिती पुसा असं लेखी कळव. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने पुसून मागायचा हक्क दिलाय. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि अंमल टप्प्याटप्प्याने होतोय. कर आणि इतर कायद्यांसाठी काही नोंदी त्यांना ठेवाव्या लागतात, पण मागणी तर नोंदली जाईल.

आता तुझा दुसरा प्रश्न, पुढे सुरक्षित कसं खेळायचं. तू विचारलंस ते प्रामाणिकपणे विचारलंस, म्हणून गोल उत्तर देत नाही. तू ज्या जागी खेळतोस तिथे सुरक्षित खेळता येत नाही. वेगळं सिम, वेगळा मेल, पाचशे रुपयांपुरतं वेगळं खातं, इंटरनेटवर आपलं ठिकाण लपवणारं व्हीपीएन, असे सल्ले तुला टेलिग्रामवर ढिगाने मिळतील. पण पैसे यूपीआयने जातात, यूपीआयमागे खातं असतं, खात्यामागे तुझं केवायसी असतं. व्हीपीएनने तुझं नाव त्या साखळीतून निघत नाही. जिथे हा धंदा कायदेशीर आहे तिथे गोष्ट वेगळी. ब्रिटनमध्ये गॅम्बलिंग कमिशनचा परवाना लागतो, परवानाधारकांची यादी कुणालाही पाहता येते, आणि ज्याला थांबायचंय त्याने गॅमस्टॉपमध्ये नाव नोंदवलं की तिथले परवानाधारक ऑनलाइन चालक त्याला खेळू देत नाहीत. तिथे माहिती देताना ती कुणाला देतोय हे कळतं. आपल्याकडे आता पैशाच्या ऑनलाइन खेळाला असं कुठलंच दार उरलेलं नाही. जे दार उघडं दिसतं ते चोरदार आहे. मुंबईत साठच्या दशकात मटका वाढला, संसार त्यानेही बुडवले. पण चिठ्ठीवर आकडा आणि रक्कम असायची, मटकेवाला कुणाच्या बापाचं ओळखपत्र मागत नव्हता. आजच्या बुकीचा धंदा तू हरलास तरी चालतो आणि थांबलास तरी चालतो, कारण तुझे कागद त्याच्याकडे राहतात.

खरं तर मला आणखी एक गोष्ट दिसते आहे. एवढं सगळं झाल्यावरही तुझ्या पत्रात ‘पुढे खेळायचं झालं तर’ आहे. गेलेले काढायचेत, ही ओढ इच्छाशक्तीच्या कमतरतेतून येत नाही, या खेळांची रचनाच तशी असते. त्यावर मदत मिळते. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या मदतीचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. नाव सांगायची सक्ती नाही. नाइट शिफ्ट संपवून रूमवर आलास आणि हात फोनकडे गेला, तर त्या वेळी तो नंबर लाव.

आणि वडील. ही गोष्ट मी शेवटी ठेवली, कारण तुला तीच सर्वांत जड जाणार आहे. तुझे कागद तू दिलेस, तो तुझा निर्णय. त्यांचं आधार त्यांना न विचारता गेलंय. गावाकडे शेती असेल तर त्यांच्या खात्यात पीएम किसानचे वर्षाचे 6,000 येत असतील, नमो शेतकरीचे येत असतील, बहुधा पीक कर्जही त्याच बँकेत असेल. अनुदानाचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. कुणी त्यांच्या आधारवर दुसरीकडे खातं उघडून जोडणी तिकडे वळवली, तर हप्ता येणं बंद होईल आणि ते तलाठ्याकडे, सेतू केंद्रात, कृषी कार्यालयात खेटे घालत बसतील. का बंद झालं हे त्यांना कधीच कळणार नाही. आणि त्यांच्या खात्यावर होल्ड लागला, तर ही बातमी त्यांना बँकेचा शिपाई चार लोकांत सांगेल. त्याआधी ती तुझ्या तोंडून कळू दे.

फोनवर सांगू नकोस. सुट्टी टाकून गावी जा. आईसमोर सांगायचं की आधी वडिलांना एकट्याला, हे तू ठरव, तुला तुझं घर माहीत आहे. पण अर्धं सांगू नकोस. किती पैसे गेले, त्यांचं काय काय दिलं, आणि आता तू काय केलंयस, तिन्ही सांग. ते चिडतील. चिडू देत. ‘तक्रार केली आहे, ही तिची पावती’ असं म्हणून कागद पुढे ठेवता आला तर बोलणं रागावरून कामावर लवकर येतं, म्हणून गावी निघण्याआधी 1930 ची नोंद आणि तुझ्या बँकेचं पत्र उरकून घे.

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून त्यांच्या शाखेत जा. जाताना मूळ आधार, पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाइल बरोबर असू दे. पासबुक भरून घ्या आणि त्यांना न समजणारी प्रत्येक नोंद तिथेच विचारा. आधार याच खात्याला जोडलेलं आहे का, ते माय आधारच्या ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये शाखेत बसूनच पाहा. त्यांच्याही आधारचं बायोमेट्रिक लॉक करायचं, पण ते गावात बँक मित्राकडे अंगठा लावून पैसे काढत असतील तर लॉक उघडायचं कसं हे त्यांना नीट करून दाखव, नाहीतर बाजाराच्या दिवशी पैसे अडकतील. शाखेत झेरॉक्स मागितली तर तिच्यावर आडवं लिहा : कशासाठी दिली, कुणाला दिली, तारीख, आणि खाली त्यांची सही.